सुमननं लिहिलेला अर्ज

माझी पोरगी वर्षा मला कधी "बसा" म्हणत नाही. ती नर्स आहे, आणि मी तिच्या दवाखान्यात पाय ठेवला की "बाबा, इथं उभे राहू नका, बाबा, हात धुतले का, बाबा, आवाज हळू" असं तिचं चालू असतं. त्या दिवशी सकाळी, तिथंच ॲडमिट असलेल्या माझ्या बायकोला, सुमनला, खरखरीत टॉवेल टोचतो म्हणून मी खाली कात्रपच्या दुकानातून मऊ टॉवेल आणायला गेलो होतो. रंगावरून दुकानदाराशी थोडी हुज्जतही घातली, कारण सुमनला फिका रंग आवडत नाही, लवकर मळतो म्हणते. जिना चढून वर आलो तर वर्षा वळणावरच उभी होती, मास्क हनुवटीवर ओढलेला. म्हणाली, "बाबा, बसा." मी बसलो नाही. मला कळलं. तरी विचारलं, "चहा घेतला का तिनं?" काय विचारतोय ते माझं मलाच समजत नव्हतं... वर्षानं माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि माझा हात धरून मला आत नेलं.

आज सात आठवडे झाले. वर्षाच्या ओळखीचे एक गृहस्थ पेपरच्या पुरवणीचं काम बघतात, ते म्हणाले, काका, काकूंबद्दल लिहा, मोडकंतोडकं असलं तरी चालेल. मी चौथी शिकलेला माणूस. आमच्या घरात लिहायचं काम सुमनचं. रेशनकार्डापासून गावच्या जमिनीच्या कागदापर्यंत सगळं तिनं लिहायचं आणि मी खाली सही ठोकायची. तिच्याबद्दल चांगलं चांगलं लिहायला जमेलही मला. पण एक गोष्ट मी तिला इतकी वर्षं सांगितली नाही, आणि आता सांगायला ती नाही. ती सोडून बाकीचं लिहिणं म्हणजे लबाडी होईल. म्हणून तीच लिहितो. ती ऐकायला बारीकशी आहे. एका रनरची आहे.

रनर म्हणजे काय ते आधी सांगतो. तुमच्या पर्सला, पोरांच्या दप्तराला चेन असते, तिच्यावरून जो पुढं-मागं सरकतो तो रनर. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी एकतीस वर्षं ते रनर ओतले. जस्त वितळवून साच्यात दाबलं की एका फटक्यात झाडासारखं निघतं, फांदीफांदीला रनर लागलेले. ते तोडायचे, ड्रममध्ये घोळवायचे, मुलामा द्यायचा. मी मुरबाडकडचा, माझ्या काकांनी या कामाला लावलं आणि काकांनीच लग्न जमवलं. सुमन दहावी झालेली. काकांनी तिच्या घरी माझी सातवी सांगितली होती. लग्नानंतर पंधरा दिवसांनी गावाहून पत्र आलं, ते मी तिच्यापुढं केलं, वाच म्हणालो. तिनं वाचून दाखवलं, घडी घातली आणि विचारलं, "सातवी कुठल्या गावची हो तुमची?" त्यानंतर त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. पण त्या दिवसापासून घरातला कागद तिच्याकडं आणि पगार माझ्याकडं, अशी वाटणी झाली ती झालीच.

पुढं पगाराची वाटणीही मोडली. वर्षा शाळेत जायला लागली तेव्हा सुमननं बॅगा शिवायला घेतल्या. हेंद्रेपाड्यात आमच्या दोन खोल्या, त्यातली पुढची तिनं मशीनला दिली. एकाची तीन मशीन झाली, शेजारपाजारच्या पाच बायका यायला लागल्या. शोभा, मागच्या गल्लीतली, ती सगळ्यात हुशार. शाळेची दप्तरं, पर्सा, डब्याच्या पिशव्या. माल उल्हासनगरला हरेशभाईच्या दुकानात जायचा आणि रेग्झिन, अस्तर, चेनचे रोल त्याच्याकडूनच यायचे. चेन बाहेरच्या देशातली. खोटं कशाला बोलू, माल चांगला होता. लोण्यासारखा सरकायचा. मी कामावरून आलो की तो रोल हातात घेऊन रनर पुढं-मागं करून बघायचो आणि माझं तोंड उतरायचं. सुमन मशीनवरूनच बायकांना म्हणायची, "यांचा दुश्मन आलाय आज. अहो, चहा तरी विचारा त्याला." बायका हसायच्या. मीही हसायचो... तेव्हा हसायला परवडत होतं.

मग नाही परवडलं. बाहेरचा रनर इतका स्वस्त झाला की आम्हाला नुसतं जस्त त्या भावात पडेना. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. एके दिवशी शेठनं आम्हा चाळीस जणांना भट्टीपाशी उभं केलं. म्हणाले, "सरकारनं बाहेरच्या मालावर ड्युटी वाढवली तर आपण वाचलो. नाहीतर दिवाळीनंतर टाळं. आम्ही मालक लोक लिहितो आहोतच, पण कामगाराच्या हातचा अर्ज गेला पाहिजे. प्रत्येकानं आणा." वर्षाचं तेव्हा नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. पगार थांबला असता तर तिला घरी बसवावं लागलं असतं, एवढं साधं होतं ते.

शुक्रवारी आमच्याकडं सुट्टी. दुपारी बायका जेवायला गेल्यावर सुमननं कापायच्या टेबलावरचं रेग्झिन बाजूला सारलं आणि कागद घेऊन बसली.

"हं, सांगा. काय लिहू?"

"लिही, बाहेरून येणाऱ्या रनरवर आणि चेनवर जास्त ड्युटी लावा."

पेन थांबलं. "चेनवर पण?"

"दोन्ही एकत्रच येतं गं."

"म्हणजे माझ्या ह्या रोलवर."

मी म्हणालो, "कारखाना गेला तर पोरीचं काय?"

"मी नाही म्हटलं का? विचारलं फक्त. आपण काय लिहून मागतोय ते माणसाला माहीत पाहिजे."

आणि लिहिलं तिनं. अक्षर मोत्यासारखं. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं. शेवटी एक वाक्य तिनं आपल्या मनानं घातलं होतं... ही ड्युटी दोन वर्षांसाठी असावी, तेवढ्या मुदतीत मालकांनी नवीन साचे आणावेत, म्हणजे पुढं ड्युटीची गरज राहणार नाही. मी विचारलं, "हे कोणी सांगितलं घालायला?" म्हणाली, "कोणी कशाला सांगायला पाहिजे? वर्षाला चालायला शिकवताना बोट धरलं होतं ना आपण? अजून धरून आहोत का?" मी म्हणालो, "ते काट. अर्ज आधी शेठ वाचणार." तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. खाडाखोड केलेला कागद तिनं कधी कोणाला दिला नाही. पहिला फाडला आणि दुसऱ्या कागदावर सगळं परत लिहिलं, ते वाक्य सोडून. संध्याकाळपर्यंत माझ्यासारखे आणखी अकरा जण सायकली घेऊन दारात आले, वहिनी आमचा पण लिहा म्हणत. तिनं सगळ्यांचे लिहिले. तिच्याच धंद्यावर घाव घालणारे बारा अर्ज तिच्याच हातचे गेले.

ड्युटी लागली. आमच्या अर्जामुळं लागली असं मी म्हणत नाही, वरती काय चालतं ते आपल्याला कुठं दिसतं. पण लागली. शेठनं पेढे वाटले. दुसरी पाळी परत सुरू झाली, बसवलेली माणसं परत आली, गेटवर एक साठीला आलेला माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. ड्युटीनं देशाचं नुसतं नुकसानच होतं असं टीव्हीवर कोट घालून सांगणारे असतात, त्यांनी त्या दिवशी आमच्या गेटवर यायला पाहिजे होतं. वर्षा नर्स झाली ती त्याच पगारावर. शेवटच्या दिवसांत सुमनला कुशीवर वळवणारे, तिच्या पायाला तेल लावणारे हात त्या ड्युटीवर शिकले. हे मी विसरलो तर मला नरकातही जागा मिळायची नाही.

आणि त्याच वेळी पुढच्या खोलीत दुसरंच चाललं होतं. चेनचा रोल महाग झाला. हरेशभाई बॅगेचा भाव वाढवून देईना. "भाभी, मेरे हात में होता तो मैं देता नहीं क्या? पब्लिकला बॅग त्याच दामात पाहिजे." सुमननं पट्टा अर्धा इंच अरुंद केला, अस्तर हलकं घेतलं, तरी जमेना. एकदा जेवताना टीव्हीवर कोणीतरी ओरडून सांगत होता की ड्युटीमुळं देशातले रोजगार वाचले. मी मान डोलावली. सुमन म्हणाली, "वाचले ना. तुमचे चाळीस सरकारला दिसले, तुमच्या दारावर पाटी आहे. माझ्या पाच बायका कोणाला दिसणार? आम्ही घरात बसून शिवतो. आमचं काम गेलं तर कोणी मोजायला पण येणार नाही." मी म्हणालो, "मग काय, कारखाना बंद पडू द्यायचा होता?" म्हणाली, "तसं कुठं म्हणतेय? मी पण तोच पगार खाते." आणि मला आणखी भाकरी वाढली. भांडण असं ती करायचीच नाही. बोलायची ते बोलून मोकळी व्हायची, आणि आपल्या घशात घास अडकायचा.

आता ती गोष्ट.

पूर्वी बाहेरच्या मालाची धास्ती होती तेव्हा शेठ साच्याला फार जपायचे. साचा झिजला की रनरच्या दोन ओठांमधली फट केसभर वाढते. डोळ्याला दिसत नाही. पण चेन लावली की पुढून बंद होते आणि मागून उकलत जाते. तसा माल गेला की गिऱ्हाईक परत पाठवायचं, म्हणून वर्षातून दोनदा साचा दुरुस्तीला जायचा. ड्युटी लागल्यावर ते थांबलं. माझ्या मशीनचा साचा गेला होता. मला हाताला कळायचं, इतकी वर्षं काय उगाच ओतले का? मी शेठना म्हणालो, "शेठ, साचा बदलायला आलाय." ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "दत्तू, आता माल परत कोण करणार? आणि परत करून दुसरा आणणार कुठून? चालू दे." मी चालू दिलं. माझी नोकरी होती ती.

त्यानंतर दोन-चार दिवसांतच सुमननं मला विचारलं. टेबलावर कापत होती, वर न बघताच म्हणाली, "अहो, तो बाहेरचा रोल आता मला झेपत नाही. तुमच्या कारखान्याचे रनर कसे आहेत? घेऊ का?" मी सांगू शकलो असतो. साचा गेलाय, थांब सहा महिने, किंवा दुसऱ्या कारखान्याचे बघ. घरात आम्ही दोघंच होतो, ऐकायला शेठ नव्हते. पण तिला घरचा माल घे म्हणायचं भाग्य मला पहिल्यांदा आलं होतं. मी म्हणालो, "घे. आपलाच माल आहे."

तिनं डोळे झाकून घेतला. हरेशभाईला वर सांगितलं, "आमच्या घरचे रनर आहेत आता." जूनमध्ये शाळा उघडल्या आणि पंधरा दिवसांत हरेशभाई स्वतः टेम्पो घेऊन दारात. टेम्पोत दप्तरांचा ढीग. "अडे भाभी, ये क्या दिया मेरे को? मुलगा शाळेत पोचेपर्यंत चेन मागून उघडते, डबा रस्त्यात पडतो. पार्टी मला शिव्या घालते." सुमननं एक दप्तर उचललं, चेन ओढली, मागून उकललेली बघितली आणि माझ्याकडं बघितलं. पाचही बायका बघत होत्या. मी काय बोललो ते लिहायला हात जड होतो. मी बोललो, "शिलाई ओढून मारली असणार. चेन ताणली की असं होतं. ही शोभाच्या मशीनवरची आहेत ना?" शोभा तेव्हा पंचविशीची पोर. ती म्हणाली, "मी नाही ओढत, भाऊजी." मी म्हणालो, "मग काय रनर स्वतःहून उघडतो?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती आत पाणी प्यायला निघून गेली. सुमन पुढं झाली. सगळी दप्तरं उतरवून घेतली आणि उसवायला बसली.

त्यानंतर तक्रार आली नाही. खरंच नाही आली. शुक्रवारी माल घेऊन मीच उल्हासनगरला जायचो, रिक्षात बसल्या बसल्या एकेक चेन ओढून बघायचो, सगळ्या घट्ट. मला बरं वाटलं. वाटलं, साचा एवढाही वाईट नाही, आपल्यालाच फार शंका. एकदा तर घरी येऊन सुमनला म्हणालोही, "बघितलंस? शिलाई सुधारली तर आमची चेन कशी पळते." ती म्हणाली, "हो."

पण माल कमी निघायला लागला. पूर्वी आठवड्याला जेवढा निघायचा त्याच्या निम्मा. मला वाटलं बायका गप्पा मारतात. हरेशभाई उशिराबद्दल कुरकुर करायचा, आणि एक दिवस त्यानं सरळ सांगितलं, "दत्तूभाऊ, बुरा मत मानना. चेन पे ड्युटी लगाई, रनर पे लगाई. लेकिन सिली-सिलाई बॅग बाहरसे मंगाता हूँ तो मेरे को अजून पण सस्ती पडती है. चेन समेत. आता मी भाभीकडून कशाला घेऊ?" मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा सुमन खळखळून हसली. इतकं हसली की मला राग आला. "म्हणजे चेन दारातून आत येऊ दिली नाही," म्हणाली, "म्हणून ती बॅगेत बसून आली!" हसून झाल्यावर तिनं मशीनवर कापड घातलं. दोन मशीन विकली, एक ठेवली. पाचही बायकांना घरी जाऊन सांगून आली, कोणाला निरोप पाठवला नाही. मला म्हणाली, डोळे दुखतात हल्ली, बरंच झालं. मी ते खरं धरलं. सोयीचं होतं.

आमचा कारखाना त्यानंतर बरीच वर्षं चालला. साचा काही बदलला नाही. मी निवृत्त झालो आणि वर्षभरात शेठनं भट्ट्या काढून शेड गोडाऊनला भाड्यानं दिली. एकदा शिवमंदिराला गेलो होतो तेव्हा मुद्दाम तिकडून फिरून आलो. आत काय ठेवलंय म्हणून वॉचमनला विचारलं. म्हणाला, बाहेरून आलेल्या बॅगा. मला कोणी विचारलं की ड्युटी चांगली की वाईट, तर मी सांगतो, तिनंच आमचा कारखाना वाचवला आणि तिच्याच सावलीत तो सडला. दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत झालं. ती लावताना कोणीतरी मुदत घालायला पाहिजे होती. ज्या बाईनं घातली होती तिला मी काट म्हणालो.

सुमनची मूत्रपिंडं गेली ती दोन वर्षांपूर्वी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. चार तास एका जागी पडून राहायचं, वरती टीव्ही लावलेला. ती जायच्या महिनाभर आधी त्या टीव्हीवर चालू होतं की बाहेरच्या एका देशानं आपल्या मालावर मोठी ड्युटी लावली, आपले कारखाने अडचणीत. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ तावातावानं म्हणाले, "आपण पण लावली पाहिजे त्यांच्यावर, दुप्पट!" सुमन डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपली. तशीच हळू म्हणाली, "तिकडं पण एखादा दत्तू असेल हो. कारखाना वाचव म्हणणारा. आणि त्याची बायको बसली असेल अर्ज लिहायला." मी म्हणालो, "त्यांच्या बायका शिकलेल्या असतात, त्यांचे नवरे पण." म्हणाली, "शिकलेला काय नि नाही काय... पोटाचं आलं की सगळे सारखंच लिहितात." तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तिचा हात माझ्या हातात होता, तो सुजलेला, सुया टोचून काळानिळा. म्हणालो मनात, पुढच्या वेळी. मी नेहमीच पुढच्या वेळी म्हणणारा माणूस.

महिन्याच्या विधीला शोभा आली. आता तिचाही मुलगा कॉलेजला आहे. जेवणं झाली, भटजी गेले, वर्षा भांडी आवरत होती. शोभानं पिशवीतून एक पकड काढून माझ्यापुढं ठेवली. साधी, लोखंडी, वायरमनकडं असते तशी.

"भाऊजी, ही ताईंची. माझ्याकडंच राहिली होती."

मी म्हणालो, "शिवणकामात पकड कशाला लागते?"

तिनं आत वर्षाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सांगू का आता? ताईंनी शपथ घातली होती. पण आता ताईच नाहीत..." मग सांगितलं. दप्तरं परत आली त्या दिवशी सुमननं एक उसवून बघितलं आणि तिला लगेच कळलं, शिलाईत काही नव्हतं, रनरच ढिला होता. दुसऱ्या दिवसापासून बायका एकेक रनर पकडीत धरून अंदाजानं दाबायच्या आणि मग चेनवर चढवायच्या. जास्त दाबला तर अडकतो, कमी दाबला तर उकलतो. एका दप्तराला चार रनर. अर्धा-अर्धा दिवस त्यात जायचा. "आणि शुक्रवारी नाही हां," शोभा म्हणाली. "शुक्रवारी तुम्ही घरी. त्या दिवशी नुसतं कापायचं काम."

"मला का नाही सांगितलं?"

"ताई म्हणायच्या, त्यांना कळता कामा नये. जन्मभर माणसानं तेच केलंय, त्यांना वाटेल आपल्या हातचा माल वाईट निघाला. वाईट वाटून घेतील, आणि कारखान्यात जाऊन भांडतील, नोकरी घालवतील."

मी भांडेन असं वाटत होतं तिला.

मी म्हणालो, "शोभा, मला माहीत होतं."

"काय?"

"साचा गेलेला. तिला घे म्हणालो तेव्हा पण माहीत होतं. तुझ्या शिलाईवर ढकललं तेव्हा पण."

आतल्या मोरीत भांड्यांचा आवाज थांबला. शोभानं रिकामी पिशवी घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "ते ऐकून माझ्या सासूनं मला वर्षभर बोलून घेतलं, हिला सरळ टीप मारता येत नाही म्हणून... ताईंना कळलं होतं का, की तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. मी नाही सांगितलं."

"मग मला कशाला सांगताय, भाऊजी? ज्यांना सांगायचं त्या गेल्या." ती उठली. पदर खोचला, दारात चपला घातल्या. जाता जाता म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेत जा." रागानंच म्हणाली. माफ केलं असं मी धरत नाही, आणि तिनं करावं असंही म्हणत नाही. वर्षा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा देताना एवढंच म्हणाली, "आईनं तुम्हाला लहान मुलासारखं सांभाळलं, बाबा." तिनं चिडून म्हटलं, पण खरं म्हटलं. शेठला सरकारनं सांभाळलं आणि मला सुमननं. आम्ही दोघंही तेवढ्यानं सुधारलो नाही.

पकड मी पुढच्या खोलीत, तिच्या मशीनवर ठेवली आहे. रोज हातात घेतो. तिच्या दोन्ही दांड्यांना जुन्या साडीची चिंधी गुंडाळली आहे, हाताला फोड येऊ नयेत म्हणून, ती घामानं काळी पडलेली आहे. ते समजलं. पण पकडीच्या तोंडालाही, दोन्ही ओठांना, दप्तराच्या अस्तराचं कापड चढवून बारीक दोऱ्यानं टाचलेलं आहे, अगदी सफाईनं, टाका दिसत नाही असं. ते कशाला, म्हणून मी चार दिवस विचार करत होतो. मग लक्षात आलं. नुसत्या लोखंडानं दाबलं तर रनरच्या मुलाम्यावर ओरखडा उठतो. ओरखडा उठला असता तर शुक्रवारी रिक्षात चेन ओढून बघताना तो मला दिसला असता.